ड्रायव्हर अपडेट केला अन् लॅपटॉप सुरूच होईना? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

रात्री काम आटोपून लॅपटॉप बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' दाबलं. सकाळी बटण दाबलं तर कंपनीचा लोगो येतो, खाली ठिपके गोल गोल फिरतात आणि फिरतच राहतात. कधी निळा स्क्रीन येतो, त्यावर रडका चेहरा. कधी नुसता काळा पडदा. सेवा केंद्राबाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसं उभी असतात, घरात मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म अर्धा भरून ठेवलेला असतो. तालुक्याच्या दुकानात फोन लावला की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, 'विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल.'

घाई नडते ती इथेच. अपडेटनंतर बंद पडलेल्या लॅपटॉपमधल्या फाइली सहसा जागच्या जागी शाबूत असतात. बिघडलेला असतो तो ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम. फॉरमॅट मारलं की लॅपटॉप सुरू होतो हे खरं, पण डेस्कटॉपवरचे फोटो, दाखल्यांचे स्कॅन, दूध संकलनाचे हिशेब, सगळं त्यात जातं. 'माझं सगळं डी ड्राइव्हला आहे' असं बरेच जण म्हणतात. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि फॉरमॅट मारला जातो तो सी ड्राइव्हच.

एवढ्याशा ड्रायव्हरने अख्खा लॅपटॉप का बसतो?

लॅपटॉपमधला पडदा, वायफाय, आवाज, टचपॅड, डिस्क हे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग असतात. विंडोजला त्या प्रत्येकाची भाषा येत नाही. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. वायफायचा ड्रायव्हर बिघडला तर लॅपटॉप बहुधा सुरू होतो, फक्त नेट लागत नाही. पण पडद्याचा म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला तर विंडोज आत चालू असूनही समोर काही दिसत नाही. डिस्कचा बिघडला तर विंडोजला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत. निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे इंग्रजी शब्द दिसतात ते बऱ्याचदा यामुळेच.

दुसरं असं की, साधं ॲप बंद पडलं तर तेवढंच बंद पडतं. बरेच ड्रायव्हर मात्र विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात. तिथे चूक झाली की पुढचं नुकसान टाळायला विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. निळा स्क्रीन म्हणजे हे थांबणं.

१९ जुलै २०२४ चा दिवस अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली एक सदोष फाइल तिच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरने वाचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. हा आकडा मायक्रोसॉफ्टनेच दिलेला. आपल्याकडच्या विमानतळांवरही त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावरचा उपाय काय होता? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि ती एक फाइल काढून टाकायची. फॉरमॅट नव्हे. घरच्या लॅपटॉपलाही बहुतेक वेळा याच वाटेने जावं लागतं.

आधी खात्री करा

चार्जर लावूनही एकही दिवा लागत नसेल, पंख्याचा आवाज येत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा नाही. ते चार्जर, बॅटरी किंवा बोर्डाचं दुखणं, त्याला दुकानच गाठावं लागेल. पण कंपनीचा लोगो दिसतोय, किंवा कॅप्स लॉकचं बटण दाबलं की त्याचा दिवा लागतो-विझतो, तर मशीन जिवंत आहे. (काही मॉडेलना हा दिवाच नसतो, तेव्हा लोगोवरून अंदाज घ्या.)

स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं आणि बंद करू नका असं दिसत असेल तर खरंच थांबा. जुन्या लॅपटॉपवर, त्यात साधी हार्ड डिस्क असेल तर, तासभरही लागू शकतो. आकडा एकाच टक्क्यावर अडकलाय म्हणून बटण दाबून बंद करणं धोक्याचं. गावाकडे यात आणखी एक भानगड आहे. अनेकांच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली असते आणि लॅपटॉप थेट लाइटवर चालतो. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली की ड्रायव्हर अर्धवट बसतो. दोन-तीन तासांनंतरही काहीच हललं नाही, तरच पुढचे उपाय करायचे.

त्याआधी लॅपटॉपला लावलेलं सगळं काढा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, माउस, सेवा केंद्रात असेल तर अंगठ्याचं मशीनसुद्धा. कधी लॅपटॉप विंडोज शोधायला पेन ड्राइव्हमध्येच जातो आणि तिथेच अडकतो. मग चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, चार्जर परत लावा आणि चालू करा. ऐकायला खुळचट वाटेल, पण साठलेली वीज निघून गेल्यावर सुरू झालेले लॅपटॉप दुरुस्तीवाल्यांनी भरपूर पाहिलेले असतात.

पडदा नुसता काळा असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. टिक असा बारीक आवाज आला, पडदा लुकलुकला, तर विंडोज आत चालू आहे असं समजायचं. घरी टीव्ही आणि एचडीएमआय वायर असेल तर जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर निम्मं काम झालं.

दुरुस्तीचा मेनू असा उघडतो

विंडोज १० आणि ११ मध्ये दुरुस्तीची सोय आतच दिलेली असते, ना सीडी लागते ना पेन ड्राइव्ह. फक्त लॅपटॉप नीट सुरू होत नसताना तिथे पोचायचं कसं, हे कोणी सांगत नाही.

लॅपटॉप चालू करा. लोगोखाली ठिपके फिरू लागले की पॉवर बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे तो बंद होईल. परत चालू करा, परत तसाच बंद करा. असं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी विंडोजला कळतं की काहीतरी बिनसलंय, आणि 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची तयारी चाललीय असं स्क्रीनवर येतं. या वेळी मात्र बंद करू नका. थोड्या वेळाने निळा मेनू येतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', मग पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. सगळी अवजारं इथे आहेत.

अपडेट चालू असताना बंद करू नका, असं वर सांगितलं आणि इथे मुद्दाम बंद करायला सांगितलं, यात गोंधळ नको. अपडेट चालल्याचा मजकूर दिसत असेल तर हात लावायचा नाही. नुसतेच ठिपके फिरत असतील आणि भरपूर वाट बघून झाली असेल, तरच ही युक्ती.

४८ आकडी चावी, आणि ती दुकानदाराच्या ईमेलवर

मेनूत पुढे जाताना काही लॅपटॉप एक 'रिकव्हरी की' मागतात. ती ४८ आकड्यांची असते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः विंडोज ११ असलेल्या, डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा दुसऱ्याला वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. रोज हे कुलूप आपसूक उघडतं, म्हणून ते आहे हेच कोणाला माहीत नसतं. बायोसचं अपडेट झालं, किंवा दुरुस्तीच्या मेनूत गेलं, की चावी मागितली जाते.

चावी सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर, लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना दिलेल्या ईमेलने लॉगिन करायचं. 'डिव्हाइसेस'मध्ये आपला लॅपटॉप दिसतो आणि बिटलॉकरची चावी पाहण्याची सोय तिथेच असते. एकापेक्षा जास्त चाव्या दिसल्या तर लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा 'की आयडी' जुळवून बघा.

खरी अडचण वेगळीच आहे. लॅपटॉप घेतला त्या दिवशी 'सेटिंग करून द्या' म्हणून तो दुकानातच ठेवलेला असतो. मग कधी दुकानदार स्वतःचाच ईमेल टाकतो, कधी तिथल्या तिथे नवा ईमेल काढतो आणि पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नाही. कधी मुलाच्या कॉलेजचा ईमेल टाकलेला असतो, आणि मुलगा पास होऊन बाहेर पडल्यावर तो बंद झालेला असतो. अशा वेळी आधी दुकानदाराला फोन करा आणि कुठला ईमेल टाकला होता ते विचारा. चावी कुठेच मिळाली नाही तर त्या डिस्कमधला डेटा कोणालाच काढता येत नाही. मायक्रोसॉफ्टसुद्धा नवी चावी बनवून देऊ शकत नाही. 'आम्ही काढून देतो' म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

आधी जुन्या तारखेला, मग सेफ मोड

मेनूत पोचलात की पहिला प्रयत्न 'सिस्टिम रिस्टोअर'चा. काही मोठे बदल होण्याआधी विंडोज स्वतःची एक खूण ठेवतं. अपडेटच्या आधीची तारीख निवडली की ड्रायव्हर आणि सेटिंग त्या दिवशीसारखी होतात. फोटो आणि कागदपत्रं जशीच्या तशी राहतात, त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर तेवढी निघून जातात. चार्जर लावून ठेवा आणि मध्ये बंद करू नका. अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय बंदच असते, मग खूण सापडली नाही असा संदेश येतो. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्यायही तिथेच आहे. त्याने विंडोजचं ताजं अपडेट निघतं, पण वेगळा आलेला ड्रायव्हर त्याने निघेलच असं नाही.

तेवढ्यावर भागलं नाही तर सेफ मोड. 'स्टार्टअप सेटिंग्ज' निवडा आणि 'रिस्टार्ट' करा. क्रमांक दिलेली यादी येईल, त्यात ४ चं बटण दाबा. नेट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन सुरू होतं. चित्र मोठं आणि ओबडधोबड दिसेल, कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं असेल. घाबरायचं कारण नाही. लॅपटॉप इथे नीट चालला, म्हणजे डिस्क, मेमरी बहुधा ठीक आहेत आणि दोष वरच्या कुठल्यातरी ड्रायव्हरचा किंवा सॉफ्टवेअरचा आहे. इथे कधी कधी नेहमीचा पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड टाकावा लागतो.

आत आल्यावर पहिलं काम, महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

कुठला ड्रायव्हर नवा आलाय हे 'सेटिंग्ज'मधल्या 'विंडोज अपडेट'च्या 'अपडेट हिस्टरी'त तारखेसह दिसतं. मग खालच्या स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. पडदा काळा होत असेल तर 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'. त्याखालच्या नावावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर'. तिथे 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण असतं. त्याने आधीचा ड्रायव्हर परत बसतो. ते बटण फिकट असेल, म्हणजे दाबता येत नसेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याविषयी विचारलं जातं तिथे टिक करा. लॅपटॉप साधा रिस्टार्ट केला की विंडोज स्वतःकडचा साधा ड्रायव्हर वापरून चित्र दाखवतं. डिस्कच्या म्हणजे 'स्टोरेज कंट्रोलर'च्या नोंदीला मात्र असं काढू नका. तिथे 'रोल बॅक'पर्यंतच थांबा, पुढचं जाणकाराच्या हाती द्या.

सुरू झालं की लगेच 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन अपडेट एक-दोन आठवड्यांसाठी 'पॉझ' करा. नाहीतर तोच बिघडलेला ड्रायव्हर रात्रीत पुन्हा येऊन बसेल आणि सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

व्हिडिओ बघून काही जण 'एमएस कॉन्फिग'मध्ये सेफ बूटला टिक करतात. त्यानंतर ती टिक काढेपर्यंत लॅपटॉप दरवेळी सेफ मोडमध्येच उघडतो, आणि पिन चालत नसेल तर आतही जाता येत नाही. वरची ४ नंबरची वाट बरी, ती एका वेळेपुरतीच असते. तसंच, 'बायोसमध्ये जाऊन हे बंद करा, ते चालू करा' हा सल्ला डोळे झाकून ऐकू नका. डिस्कची सेटिंग तिथे बदलली तर चालू होऊ शकणारं विंडोजही उघडत नाही.

सेफ मोडही उघडला नाही तर

फाइली तरीही काढता येतात. दुरुस्तीच्या त्याच मेनूत 'कमांड प्रॉम्प्ट' असतो. काळी खिडकी उघडली की त्यात इंग्रजीत नोटपॅड टाइप करा आणि एंटर दाबा. नोटपॅड उघडेल. त्यात 'फाइल', मग 'ओपन'. खाली फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' करा. आता हीच छोटी खिडकी फाइली बघायला वापरायची. 'यूजर्स' फोल्डरमध्ये आपलं नाव, त्यात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. हवा तो फोल्डर उजवं क्लिक करून कॉपी करा आणि पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी च्या जागी डी किंवा ई दिसेल, तेव्हा आत डोकावून ओळखा. डेस्कटॉप रिकामा दिसला तर शेजारच्या 'वनड्राइव्ह' फोल्डरमध्ये बघा. मोठा फोल्डर कॉपी होताना काहीच हलत नाहीये असं वाटतं, पण थांबायचं.

एवढं झालं की 'रिसेट धिस पीसी' हा शेवटचा पर्याय. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर स्वतःच्या फाइली राहतात, सॉफ्टवेअर जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळंच साफ. सेवा केंद्रवाल्यांनी लक्षात ठेवावं, यानंतर अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, त्याची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचे फॉन्ट, सगळं नव्याने टाकावं लागतं. एक अख्खा दिवस जातो.

दुकानात न्यायचाच असेल तर

'लॅपटॉप बंद पडलाय' एवढंच सांगू नका. 'अपडेटनंतर असं झालं, आधी डेटा काढा, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका' असं स्पष्ट सांगा आणि जमलं तर पावतीवर लिहून घ्या. निळ्या स्क्रीनवर जे इंग्रजी शब्द आलेत त्यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या, कारागिराला त्यावरून दिशा मिळते. बऱ्याच लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, फार वेळ लागत नाही. अर्थात कुलूप लागलेलं असेल तर तिथेही चावी लागणारच.

घाबरलेला माणूस मोबाइलवर 'लॅपटॉप हेल्पलाइन नंबर' शोधतो, आणि भामटे त्याचीच वाट बघत असतात. ते मोबाइलवर स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात आणि बँक खातं रिकामं करतात. ब्राउझरमध्ये अचानक निळा स्क्रीन येऊन त्यावर फोन नंबर दिसला, मोठ्याने आवाज येऊ लागला, तर तो खोटा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात कधीच फोन नंबर नसतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

लॅपटॉप नीट चालत असेल तर ड्रायव्हर बदलायची गरज नसते. विंडोजची सुरक्षा अपडेट घ्यावीत, पण 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये दिसणारे ड्रायव्हर विनाकारण टाकू नयेत. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने झालेत' असं घाबरवणारी फुकट सॉफ्टवेअर तर लॅपटॉपवर ठेवूच नका. ड्रायव्हर हवाच असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून, मॉडेल नंबर नीट बघून घ्यावा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून जुन्या लॅपटॉपवर जबरदस्तीने ११ टाकून देणारेही वाढलेत. त्या मशीनसाठी कंपनीने ११ चे ड्रायव्हर काढलेलेच नसतील तर हा त्रास ओढवून घेतल्यासारखा आहे.

फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली असेल तर त्या आठवड्यात अपडेट 'पॉझ'वर ठेवा, आणि बॅटरी मेली असेल तर लाइटचा भरवसा नसताना अपडेट सुरूच करू नका.

आता लॅपटॉप चालू असेल तर आजच दहा मिनिटं काढा. सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा आणि सी ड्राइव्हसाठी ती सोय चालू करा. मग मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ते ४८ आकडे बघा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा, शेजारी कुठल्या ईमेलवर लॅपटॉप चालतो तेही. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवला तर काही उपयोग नाही.